सगळ्यांसमोर वाचायची पत्रं

राळेगावला मला मोटारीत बसवायला गावाहून अख्खी वस्ती आली होती. कुणी भाकरी बांधून दिल्या, कुणी जवसाची चटणी, आणि किसनदादांनी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "दर पंधरा दिवसाले लिवजो पोरी, सगळी वस्ती वाट पाहीन," ते म्हणाले. माझी माय सगळ्यांच्या मागे उभी होती. ती पुढे आली नाही, मीही हाक मारली नाही. मोटार सुटली तशी मी रडायला लागले, आणि नागपूरला उतरल्यावर आधी नळावर तोंड धुतलं.

आम्ही नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. जुनी कामं सोडायची, पोरं शिकवायची, सगळं वस्तीनं बैठकीत ठरवलं होतं. बैठकीची रीत अशी की, किसनदादा ठराव सांगत आणि तीनदा विचारत, "कोनाचं काई म्हननं आहे काय?" तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही की ठरलं. सातवी पास झालेली वस्तीतली मी पहिली मुलगी. मला नागपूरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला पाठवायचं, हेही असंच ठरलं. बाबा मी लहान असतानाच वारले होते. घरात माय आणि मी, दोघीच. मला जायचं नव्हतं. बायकांमध्ये बसलेली माय उठून नाही म्हणेल, या आशेवर मी होते. ती काही बोलली नाही. म्हणजे तिचीही इच्छा दिसते, असं मी समजून घेतलं.

वस्तीत वाचता येणारी माणसं दोन-तीन. रविवारी दुपारी किसनदादा निंबाखाली साप्ताहिक वाचून दाखवत. कुठे सभा झाली, कुठे विहीर खुली झाली, कुठे आपल्या माणसांना मार पडला. ते संपलं की माझं कार्ड. बंद पाकीट पाठवलं असतं, तरी ते फोडायला किसनदादाच होते. तेव्हा मायला मी पत्र असं लिहिलंच नाही. मी वस्तीला बातम्या पुरवल्या. वॉर्डात विजेचे दिवे आहेत. मेट्रनबाई कडक आहेत पण शिकवतात छान. मेसमध्ये माझी जात कळल्यावर शेजारच्या दोघी ताट उचलून दुसऱ्या बाकावर गेल्या, हे लिहिलं नाही. एक तान्हं मूल माझ्या हातांत दगावलं आणि तशीच पुढची ड्यूटी करावी लागली, हेही नाही. एकदा मात्र 'माय, मला न्यायला ये' एवढंच लिहिलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि कार्ड फाडून टाकलं. ते निंबाखाली वाचलं गेलं असतं, तर माझ्यामागून एकाही पोरीला कोणी बाहेर पाठवलं नसतं.

उत्तरं किसनदादांच्या वळणदार अक्षरात यायची. 'तुझ्या मातोश्री खुशाल आहेत. त्यांना तुझा अभिमान वाटतो. घरची चिंता करू नये.' माझी माय जन्मात कधी अभिमान हा शब्द बोलली नसेल. तरी मी ते खरं धरून चालले.

उन्हाळ्यात आठ दिवस घरी गेले, तर घर माणसांनी भरलेलं. कुणाला नाडी बघून हवी, कुणाला शहराच्या गप्पा. माय मला वाढत राहिली. 'तिथं कशी राहतेस' असं ती विचारेल म्हणून मी थांबले. आठ दिवस संपले आणि परत मोटारीत बसले.

पुढे नोकरी लागली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. माझ्यामागून वस्तीतल्या चार पोरी शिकायला निघाल्या. तुम्ही मागे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं निघालेल्यांनी हे नीट ऐका: वस्तीचा निर्णय चुकला, असं मी म्हणत नाही. तो बरोबरच होता. पण मी दमले. वर्षानुवर्षं चांगल्याच बातम्या लिहून माणूस फार दमतं.

गेल्या वर्षी मायला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याच दवाखान्यात आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही. दुपारी ड्यूटी संपली की मी तिच्या खाटेशी बसायची. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच अशा पहिल्यांदा.

"तुले पाठवाचं मह्या मनात नोतं," ती एकदम म्हणाली.

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

"मंग बैठकीत बोलली काहून नाही?"

"तिसऱ्या डाव इच्यारलं तवा उठाले गेली व मी. तुह्या तोंडाकडं पाह्यलं, त तू हासून राह्यली होती. म्हनलं, पोरीले जाचं आहे, आपन कायले आडवं याचं?"

मी हसत होते, ते तू गप्प होतीस म्हणून. तुला जड जाऊ नये म्हणून. हे मी तिला सांगितलं, आणि फाडलेल्या कार्डाचंही सांगितलं.

तिनं चाचपत माझा हात धरला. मग म्हणाली, "येवढं एक कार्ड आलं असतं, त पायी आली असती."

पट्टीखाली रडू नको, डोळ्यांना चालत नाही, असं मी नर्स म्हणून तिला बजावलं. मला बजावणारं कोणी नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर तिला माझ्या क्वार्टरवर आणलं, तेव्हा ती गावाची मोटार कधी ते विचारायला लागली. मी म्हटलं, "माय, जाऊ नोको. इथंच राह्य मह्यापाशी."

"वस्तीले इच्यारा लागन," ती म्हणाली.

"वस्तीले मंग सांगू. तुले राहाचं आहे काय, ते सांग."

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "हाव. राहाचं आहे."

घर कुठलं, असं आता कोणी विचारलं तर मी राळेगावकडचं गाव सांगत नाही. हे क्वार्टर सांगते.