होडीतली माझी बाजू

हे असताना दर हिवाळ्यात आम्ही नगरहून एसटीने शेवगावला आणि तिथून रिक्षाने जायकवाडीच्या बॅकवॉटरला जायचो, पक्षी बघायला. यंदा हे नाहीत. मुलाने फोनवर धोशा लावला होता, आई, एकटी कशाला धडपडतेस? पण मला एकदा बघायचंच होतं, ही आवड माझी आहे की जन्मभर मी नुसती यांच्या मागोमाग आले. माझी नसेल तर पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं ठरवूनच निघाले.

नावाडी नेहमीचाच, एरवी मासेमारी करणारा. मागून कोणी येतंय का ते त्याने पाहिलं. "साहेब गेले," मी म्हटलं. त्याने होडी काठाशी ओढून धरली.

मागच्या फळीवर मी सवयीने डाव्या अंगाला बसले, तशी होडी कलली.

"बाई, मधी सरका जरा."

मी सरकले नाही. माझी जागा ती माझी जागा. त्याने मुकाट्याने काठावरचे दोन धोंडे पोत्यात भरले आणि पोतं माझ्या शेजारी ठेवलं. होडी सरळ झाली. मला असा राग आला की विचारू नका. हे किती बारीक होते, एका धोंड्यातही भागलं असतं.

पाणी उतरलेल्या गाळात लोकांनी हरभरा पेरला होता. पुढे बदकं होती, कुरव होते. दुर्बिणीतून सगळं बघितलं आणि कशातच जीव रमला नाही. वारा तेवढा अंगाला झोंबत होता. फार एकटं वाटलं.

मग उथळ पाण्यातून फ्लेमिंगोंचा थवा उठला. पंखांखालचा गुलाबी रंग एकदम उघडा पडला. मी उजवीकडे वळून म्हणाले, "बघितलंत का?"

"व्हय, बघितलं की," वल्हवता वल्हवता नावाडी म्हणाला.

बिचाऱ्याला वाटलं, त्यालाच विचारलं. हे कधी असं पटकन हो म्हणाले नाहीत. "कुठं, कुठं?" करत भलतीकडेच बघत राहायचे. शेवटी मी हनुवटी धरून त्यांचं तोंड वळवायची.

मला पक्षी बघायचे नसायचेच. यांना दाखवायचे असायचे.

थवा अजून डोक्यावर होता. मी होडी काठाला घ्यायला सांगितली.