पाटा भोसरीला पोचवताना

मावशीने लेकीसाठी दिलेला दगडी पाटा बीडच्या स्टँडवर उचलला, तेव्हाच कळलं की हा प्रवास सुखाचा नाही. कंडक्टरने पिशवी चाचपली. "बाई, अख्खं शेत घेऊन निघालात का काय?" भोसरीत शेअर रिक्षावाल्याने तर हातच जोडले. "ताई, दगड न्यायला आमच्याकडं डंपर असत्यात."

वर्कशॉपांच्या खडखडाटातून वाट काढत लताच्या खोलीवर पोचले. लता माझी मावसबहीण, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे भाग जोडते. खोली लखलखीत, पण भिंतीला एक खिळा नाही. कपडे पिशव्यांत, डबे पोत्यात. पाटा बघून ती हसत सुटली.

"आणि वरवंटा गं, ताई?"

वरवंटा मावशीच्या ओसरीवरच राहिला होता. माझ्या वेंधळेपणाला तोड नाही.

"बरं झालं. जाताना हे धोंडे कोण उचलणार?"

"कुठं जाताना?"

पिठलं वाढता वाढता तिने सांगितलं. कंपनी तिला लाईन लीडर करतेय, पण टिकणार असेल तरच. उद्या उत्तर द्यायचंय. आणि दिवाळी तर तोंडावर. लहानपणी दर दिवाळीनंतर आईबापासोबत ती ऊसतोडीला जायची. सहा महिने कोपीत (उसाच्या पाचटाची झोपडी), शाळा अर्धवट. आता दर दिवाळीला ती नोकरी सोडते, भांडण नाही, तक्रार नाही.

"पाय थांबतच नाहीत बघ."

मला वेगळंच कुतूहल. नवी मशीन ही दोन दिवसांत शिकते म्हणे. ते कसं?

"नव्या फडावर पोचलं की अंधाराच्या आत पाणी हुडकायचं, चूल मांडायची, धाकट्याला निजवायचं. मशीन त्याहून सोपी." मग पाट्यावरून हात फिरवत म्हणाली, "आईला लई हौस होती. पण पाटा कुठं कुठं वाहायचा? मिळेल त्या दगडावर मिरची वाटायची ती."

मी गावी शाळेत शिकवते. अशा मुलींच्या नावापुढे गैरहजर लिहून दरवर्षी मोकळी होते.

सकाळी ती कंपनीच्या बसने गेली. पाटा दारामागे, पिशवीत तसाच.

परतीच्या एसटीत हात रिकामे, पण जिवाला चैन नाही. संध्याकाळी नगर मागे पडल्यावर फोन वाजला.

"ताई, पाटा मोरीशेजारी मांडलाय. हलत होता, खाली सिमेंट लावलं."

"आणि साहेबांना काय सांगितलंस?"

"तू वरवंटा आण. घाई नाही, दिवाळी झाल्यावर आण. मी हाय इथंच."

पुन्हा दगड वाहायचा होता. तरी मी लगेच "आणते" म्हटलं.