चुलीजवळ बसणाऱ्या लीला सिस्टर

लीला सिस्टर कोणाच्याही घरी गेल्या तरी अंगणात मांडलेल्या खुर्चीवर बसत नसत. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जात आणि चुलीजवळ खाली बसत. "खुर्चीवर बसली का बाया मले खरं सांगत नाई," म्हणत. नाचणगावात त्यांनी नर्सबाई म्हणून जन्म काढला. रिटायर झाल्यावरही त्यांचं घरोघर फिरणं थांबलं नाही.

माझी लेक करुणा बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, लोक आजारी पडूच नयेत असं काम करायचं, त्यासाठी पुढे शिकायचं. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं की एक कॉलेज जवळ आहे, रोज जाऊन येऊन होईल. दुसरं फार लांब, दोन वर्षं तिकडेच राहायचं. तिचे वडील नाहीत. शेवटी सिस्टरकडे गेले. मी दारात चपला काढत होते. त्याच म्हणाल्या, "करुणाची माय, पोरगी लांब चालली म्हणून भेव लागून राह्यलं ना? फॉर्माले दोन महिने हायेत. पाठव तिले माह्यासंगं. हे काम तिले जमते का, ते तं पाहू."

करुणा वही घेऊन त्यांच्यामागे फिरू लागली. एका घरी सात महिन्यांची गरोदर सून होती. करुणाने विचारलं, "लोहाच्या गोळ्या रोज घेता ना?" सून म्हणाली, "हो." करुणाने वहीत खूण केली. सिस्टर तिथे बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय वं, संडास काळी होते का?"

"नाई वो सिस्टरबाई, रोजच्यासारखीच."

"मंग गोळ्या कोण खाते, तुही सासू?"

सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. गोळ्यांनी लेकरू काळं होतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. सगळ्या गोळ्या डाळीच्या डब्यात निघाल्या.

घरी येऊन करुणाने वही फेकली. "मी तं 'घेते' म्हणून लिहून मोकळी झालती. तिले काई झालं असतं तं? मले नाई जमत हे. फॉर्म नाई भरत." खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सकाळीच सिस्टर आल्या. करुणाला म्हणाल्या, "म्याही अश्शाच खुणा केल्या. समजाले मले दहा वर्षं लागले. तुले दोन महिन्यांत समजलं, अन् तू रडून राह्यली! कॉलेजचं नाव नको पाहू. दोघायले फोन कर अन् इचार, पोरायले गावात किती दिवस पाठवता?"

जवळचं म्हणालं, पंधरा दिवस. लांबचं म्हणालं, सहा महिने. करुणा माझ्याकडे पाहू लागली.

"तू बोल वं," सिस्टर म्हणाल्या. "माय तू हायेस."

मी म्हटलं, "लांबचा भर."

त्याच वर्षी हिवाळ्यात सिस्टर गेल्या. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं, तेवढंच. करुणा तिकडे कुठल्याशा गावात होती, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी लागला. मी सिस्टरचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, उद्या एका घरी जाचं हाय. बाईचे दिवस भरले, पण दवाखान्यात जाले तयार नाई. मी येऊ का?"

'ये' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. मी म्हटलं, "पयले तिच्याकडं जाय."