दुसरा ब्रेक

आमच्या काकांना सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ असतात. काका गाडी थांबवायला शिकवायचे. "चालवायला काय, गाढवही शिकेल," असं ते शिकणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि तो बिचारा मुकाट्यानं मान हलवायचा.

एका बंद गोदामामागच्या आवारात त्यांची शिकवणी चाले. जमिनीवर चुन्याची रेघ असायची. रेघेवर ब्रेक दाबला तर गाडी कुठे थांबेल, याचा अंदाज करून शिकणाऱ्यानं तिथे प्लास्टिकची बादली ठेवायची. हळू वेगात जमायचं. मग काका म्हणायचे, "आता दुप्पट वेगानं ये." शिकणारा बादली दुप्पट लांब ठेवायचा, आणि तिचा चेंदामेंदा व्हायचा.

"वेग दुप्पट, तर थांबायचं अंतर चौपट, शहाण्या!" काका ओरडायचे. मग पाइपनं जमीन ओली करून पुन्हा तेच, वाळू पसरून पुन्हा तेच. काकू म्हणायची, "या घरात नवरा टिकला, पण बादली काही टिकत नाही."

काकांचं म्हणणं साधं होतं. ब्रेक फक्त चाकाला धरतो. गाडीला धरतो तो रस्ता. रस्ता ओला असला किंवा टायर गुळगुळीत झाले, की रस्त्याची पकड सुटली. "आणि तुला समोरचं दिसल्यापासून पाय दाबेपर्यंत गाडी पळतच असते," ते मला म्हणायचे. "तू घाबरलीस हे तिला कुठे माहीत!"

त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. माझ्या वेळी तो नुसता शोभेला होता. मी बादल्या फोडल्या, एकदा कुंपणाची तार वाकवली, तरी काका हाताची घडी घालून मख्ख. "फुटल्याशिवाय डोक्यात शिरत नाही," म्हणे. इतका राग यायचा मला!

ताईची मात्र एकही बादली फुटली नाही. ताई म्हणजे काकांची मुलगी, लग्नानंतर फार उशिरा झालेली, एकुलती एक. तिच्या हाताखाली गाडी गरीब गाईसारखी थांबायची. "रक्तातच आहे," काका चारचौघांत सांगायचे. मी मनातून जळायचे.

ताई नोकरीला लागली, तिनं स्वतःची गाडी घेतली, आणि वर्षाच्या आत ती गेली. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, बंद पडलेल्या एका ट्रकवर मागून आदळली.

काका रडले नाहीत. त्यांना गुन्हेगार हवा होता. ते गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर, ब्रेक ठणठणीत होते. टायरही नवे." मग उरला रस्ता. कुणी म्हणालं तिथे तेल सांडलं असेल, कुणी म्हणालं पाणी असेल. काकांनी स्वतः स्टिअरिंगला हात लावणं सोडलं होतं, म्हणून एका सकाळी मीच त्यांना तिथे घेऊन गेले.

रस्ता कोरडा, खरखरीत. तेलाचा डागही नाही. टायर घासल्याचे काळे पट्टे अजून दिसत होते, आणि ते काचांच्या चुऱ्याच्या अगदी जवळ सुरू होत होते. "एवढा मोठा ट्रक तिला लांबून दिसला असणार," काका म्हणाले. "मग पाय इतका उशिरा का दाबला पोरीनं?"

परत येताना पुढे एक टेम्पो थांबला. तो चांगला लांब होता, मी अजून ब्रेकवर पाय नेला नव्हता. तेवढ्यात बाजूला धप्प आवाज झाला. काकांचा पाय माझ्या गाडीच्या तळावर दाबला गेला होता. तिथे ब्रेक नव्हता. ते आपल्या पायाकडे बघतच राहिले.

"गाडी बाजूला घे," ते म्हणाले. मी घेतली.

"मी तिला कधी ब्रेक मारूच दिला नाही गं. तिचा पाय पोचायच्या आत माझा पोचायचा. मला कळायचंही नाही. तिला वाटायचं, गाडी एवढ्यातच थांबते."

"काका, भलतंसलतं डोक्यात घेऊ नका. इतके महिने एकटी चालवलीच ना तिनं?"

"हळू चालवली असेल. वेग कमी असला की चूक खपून जाते. त्या दिवशी जरा वेगात असेल, बस."

हे काकूला सांगू नका, म्हणून मी वाटभर त्यांच्या विनवण्या केल्या. तिचं दुःख काय कमी होतं? निदान नशिबाला बोल लावून तरी ती जगली असती. पण काका कसले ऐकतात. काकू पलंगावर बसून ताईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. चपला न काढताच ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

काकूनं घडी पुरी केली. मग म्हणाली, "तुमचा पाय मला दिसायचा."

"कधी?" काकांनी विचारलं.

"बाजारात सोडा म्हणून मी मागच्या सीटवर बसायचे ना. दुसऱ्यांना शिकवताना तुमचा पाय कधी हलायचा नाही. तिच्या वेळी सारखा त्या ब्रेकवर." काकूनं घडी बाजूला ठेवली. "मला फार बरं वाटायचं हो. मनाशी म्हणायचे, बाप आहे बरोबर, माझ्या पोरीला काही होत नाही."

काका तिथेच खाली बसले आणि पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून पहिल्यांदा रडले. काकूचा हात त्यांच्या केसांपर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि तिनं तो परत घेतला. मग ताईचा पुढचा शर्ट उचलला आणि त्याची घडी घालायला लागली.