मन्हं वावर

अनेर नदीकाठच्या त्या गावात झिपरू हा रुपचंद नानांचा सालदार. कैक आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, एकाच खळ्यावर काढलेला गडी. "आमना बैल, आमनी विहीर, आमनं वावर," असं बोलायचा. सालदाराची बोलीच ती. राबायचं ते सगळं 'आमनं'. 'मन्हं', म्हणजे माझं, म्हणावं असं त्याच्याकडे होतं तरी काय? बायको केसरबाई, आणि ती तसलं ऐकून घेणारी नव्हती.

सिलिंगच्या कायद्यात जादा जमीन सरकारजमा होईल या धास्तीने नानांनी फार पूर्वी चार एकरांचा तुकडा झिपरूच्या नावावर चढवला होता. गडी आपला, अंगठा आपला, जमीन पळते कुठं? पुढे एक्क्याण्णव साली केळीच्या ठिबकला सरकारी अनुदान निघालं, लहान शेतकऱ्याला जास्त, तेव्हा नानांना तो तुकडा आठवला. नानांच्या पैशाने नळ्या आल्या, अर्ज झिपरूच्या नावाने गेला. आता साहेब वावर पाहायला येणार होता.

"झिप्र्या, सायेबनी ईचारं का वावर कोनं, ते 'मन्हं' सांगजो."

"हा नाना. आमनं."

"आरे, मन्हं!"

"हा, तुम्हनंच."

नानांनी कपाळ बडवलं. गोठ्यात रोज घोकणी सुरू झाली. झिपरू वखर हाकताना घोके, भाकर मोडताना घोके. केसरबाई म्हणायची, "बैलबी शिकी ग्यात, तू कव्हय शिकशी?"

साहेब आला. "शेत कुणाचं?"

"मन्हं!" झिपरू असा ओरडला की बांधावरचे बगळे उडाले.

"आणि हे कोण?" साहेबाने लिंबाखाली बसलेल्या नानांकडे बोट केलं.

हे काही शिकवलेलं नव्हतं. झिपरू घुटमळला. "हाऊ... हाऊ मन्हा पाव्हना शे."

"मग पाहुण्यांना चहा तरी पाजा!"

गाव पोट धरून हसलं. नानाही हसले. पण शब्द म्हणजे बैल नव्हे, दिवस मावळला की दावणीला परत यायला. त्या तुकड्यात शिरलं की झिपरूची चाल बदलायची. ढेकूळ उचलून कुस्करायचा, नळीचं तोंड बोटाने साफ करायचा, आणि कुणी नसलं तरी पुटपुटायचा, "मन्हं."

आखाजी आली. त्या दिवशी सालदाराचं जुनं साल सुटतं, नवं ठरतं. नानांच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता.

"झिप्र्या, अनुदान तुन्हा खातामा उनं. अंगठा दे, आन औंदानं साल बोल."

"अंगठा देस, नाना. नळ्या तुम्हन्या पैसान्या, तो पैसा लई जावा. साल नही करस."

"का रे?"

"मंग मन्हं वावर कोन करी?"

डाव थांबला. नाना उठून उभे राहिले. "आरे, ते आमनं वावर शे!"

"'आमनं' ते सालदार म्हनस, नाना."

डावात बसलेल्या चुडामण आबांच्या हातातले पत्तेच गळाले. हसता हसता म्हणाले, "जाय रुपचंद, कोर्टमा जाय! सांग, सायेबले मीच फसाडं."

नाना बसले. झिपरूने अंगठा उठवला. अनुदान नानांकडे गेलं, वावर जिथल्या तिथं राहिलं.

पुढच्या हंगामात घड कापून बांधावर लागले. ट्रकवाल्याने विचारलं, "केळी कोन्या?"

"मन्ह्या!" झिपरूने छाती काढली.

डोक्यावर घड घेऊन येणारी केसरबाई तिथंच थबकली. "मन्ह्या? आन मी काय पाव्हनी शे? आमन्या म्हन!"