बायकांची वेळ

सावेडीतल्या आमच्या जिममध्ये सॉना आहे, घाम काढायची तापवलेली लाकडी खोली. पंचावन्नाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, मी तिथे टॉवेल गुंडाळून बसते. ज्यांना खुपतं त्यांना खुपू दे. शेजारीण म्हणते, "नगरच्या उन्हात माणूस फुकट भाजून निघतंय, वर पैसे कशाला?" मी तिला सांगते, उन्हात मला कुणी दहा मिनिटं शांत बसू देत नाही.

बायकांसाठी वेगळी वेळ द्यायला मालक तयारच नव्हता. आम्ही पाचजणी त्याच्या टेबलासमोर ठाण मांडून बसलो, तेव्हा मंगळवार-शुक्रवारची दुपार मिळाली. देताना म्हणाला, "एखादी जरी चक्कर येऊन पडली, तर बंद." त्या दिवसापासून मी नियमांची पक्की झाले. आधी पाणी प्यायचं, खालच्या फळीवर बसायचं, दहा मिनिटं झाली की बाहेर. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बायका मला हेडबाई म्हणतात. म्हणोत.

हरतालिका मंगळवारी आली, तेव्हा नणंद संगमनेरकडून आमच्याकडे आलेली होती. "बघू तरी काय थेरं चाललीत," म्हणत ती माझ्यासोबत निघाली. आता निर्जळी उपास झेपत नाही, असं ती आदल्या दिवशीच बोलली होती. तरी दाराशी मी विचारलं, "वन्सं, पाणी प्यालात ना?"

"प्याले की."

पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोघींनी धरून तिला बाहेर आणलं, बाकावर आडवं केलं, पायाखाली टॉवेलांची गुंडाळी दिली. तिने जरा डोळे उघडल्यावर मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं.

"न्हाई. निर्जळी हाय. सकाळी पूजेचं तीर्थ घेतलं, तेवढंच."

पळीभर तीर्थाला ही बाई पाणी म्हणाली होती! मला भयंकर राग आला. दाराच्या पलीकडे मालक बसलेला. हिचं काही बरंवाईट झालं असतं तर? आणि आमच्या दुपारीही गेल्या असत्या.

"मालकांच्या आयुष्यासाठी हाय गं," ती पुटपुटली. मालक म्हणजे तिचा नवरा.

"वन्सं, मी सव्वीस वर्षं निर्जळी केली. एक थेंब घेतला नाही. राहिला का तुमचा भाऊ?"

असं बोलायला नको होतं, असं नंतर एकीने सुनावलं. मला अजूनही तसं वाटत नाही.

नणंदेच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं, ते तिने पुसलंही नाही. मग कोपरावर उठली आणि हात पुढे केला.

"आन इकडं," ती म्हणाली. "भाऊ माझा कुनाचंच ऐकत नव्हता, उपासाचं काय ऐकनार."

मी तिला घोटघोट पाजलं. ग्लास संपल्यावर तिने दुसरा मागितला.