समुद्रकाठची हरळी

नागपुरात समुद्रकाठची जमीन विकत घेणारा माणूस आजवर एकच झाला, आणि माझं लग्न त्याच्याशी झालेलं होतं.

आमच्या यजमानांचं इतवारीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकान नीट चालत होतं, हीच अडचण. धंदा नीट चालला की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. शहराबाहेर तलावाच्या काठी साहेब लोकांचं गोल्फचं एक जुनं मैदान ओस पडलेलं होतं. ज्या साहेबानं ते आखलं, त्याला म्हणे आपल्या गावच्या समुद्राची फार आठवण येई. म्हणून त्यानं कन्हान नदीची वाळू गाड्या भरभरून आणून तलावाच्या काठी पसरली आणि फाटकावर तिकडच्या किनाऱ्याचं नाव रंगवलं. पुढे साहेब विलायतेला गेला, वाळू तलावात गेली, पाटी तेवढी राहिली. दलालानं ती पाटी दाखवून मैदान आमच्या गळ्यात मारलं.

"अवं, समुद्र नाही हे मले बी दिसते," यजमान म्हणाले. "पण साहेबाच्या मनात तर आहे ना? त्याच्या मनातल्या समुद्राचं भाडं आपल्याले भेटन."

बेत असा होता. मैदान पहिल्यासारखं करायचं, ते शहरातल्या साहेबांच्या क्लबाला भाड्यानं द्यायचं, आणि मग तिथंच बाहेरगावच्या साहेबांना उतरायला एक बंगला बांधायचा. बंगल्यासाठी माझं कुहीचं धानाचं शेत विकायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावून उच्चारलं.

शेत माझं होतं. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी बक्षीसपत्र करून ते माझ्या नावावर केलं होतं. ते गेल्यावर माहेर म्हणून जायला त्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, तेवढा उरला होता. धुऱ्यावर बसलं तर कोणी चहा विचारत नाही, पण कोणी टोमणेही मारत नाही. मला तो सौदा मान्य होता.

मी म्हटलं, "क्लबाच्या साहेबाले मैदान पसंत पडू द्या. त्याच दिवशी शेत विकाच्या कागदावर सही करीन मी."

यजमान हा होकार समजले आणि कामाला लागले.

त्यांनी एका वकिलाकडून गोल्फवरचं रंगीत चित्रांचं विलायती पुस्तक आणलं होतं. त्यात जिथं चेंडू भोकात घालायचा, त्या प्रत्येक भोकाभोवती गुळगुळीत हिरव्या गवताचं वर्तुळ होतं. त्याचं नाव ग्रीन. आमच्या मैदानात अशी नऊ भोकं होती आणि त्यांच्याभोवती काळपट, चोपलेल्या वाळूची नऊ वर्तुळं. मैदानाबरोबर एक म्हातारा चौकीदारही आमच्याकडे आला होता. तरुणपणी तो साहेबांच्या काठ्या वाहत असे. मी एकदा काम बघायला गेले तेव्हा तो म्हणाला, "बाई, इथं उन्हाळ्यात गवत जगत नाही. म्हणून साहेब वाळूत तेल कालवत अन् चोपून ठेवत. ब्राउन म्हणत त्याले. चेंडू असा सुळ्ळकन जाये."

जेवताना मी हे यजमानांना सांगितलं.

"ग्रीन म्हणजे हिरवं," ते म्हणाले. "एवढं इंग्रजी इतवारीतल्या हमालाले बी येते. म्हातारा सकाळपासूनच घेऊन राहिला असन."

मी गोष्ट एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही, आणि या वेळी तर काहीच गरज दिसली नाही.

नऊ वर्तुळांची वाळू खणून तलावात टाकण्यात आली. विलायती बी पेरलं, ते पहिल्याच उन्हात करपलं. मग कोणीतरी हरळी सुचवली. ज्याला शेत ठाऊक आहे त्याला हरळी ठाऊक आहे. वडिलांचं निम्मं आयुष्य ती खणण्यात गेलं, आणि ती अजून तिथंच आहे. पावसाळ्यात कुहीचा आमचा सालदार बैलगाडीभर हरळीच्या मुळ्या घेऊन आला.

"बाई, इथलीही काढाची हाय का?" त्यानं विचारलं.

"काढाची नाही, लावाची आहे."

"लावाची?" त्यानं यजमानांकडे पाहिलं, मग बैलांकडे. बैल जास्त समजूतदार वाटले असावेत. "काहून जी?"

"साहेबाले खेळाचं आहे तिच्यावर."

"मंग आपल्या वावरात खेळाले पाठवा ना त्याले. फुकटची हाय तिथं."

दिवाळीपासून तलावाचं पाणी घालून घालून होळीपर्यंत नऊ हिरवीगार वर्तुळं तयार झाली. भोवतालचं मैदान पापडासारखं तडकलेलं आणि मधे ही वर्तुळं. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू.

क्लबाचे सेक्रेटरी साहेब आले त्या दिवशी यजमानांनी रेशमी फेटा बांधला होता आणि कोटाच्या खिशात माझ्या सहीसाठी स्टँपपेपर ठेवला होता. मी जरा दूर बैलांच्या दमणीत पडदा सारून बसले होते. साहेबानं फाटकावरची पाटी वाचली आणि टोपी काढली. तलाव पाहिला आणि हसला. पाटी पसंत, तलाव पसंत. आता माझ्या शेताची सगळी मदार हरळीवर होती.

साहेबानं वर्तुळावर चेंडू ठेवून काठीनं हलकेच टोला दिला. चेंडू दोन हात गेला आणि गवतात बसला. दुसरा टोला जोरात दिला. चेंडू तीन हात गेला आणि दिसेनासा झाला.

"ब्राउन किधर है?" साहेबानं विचारलं.

"ग्रीन, साहेब! ग्रीन!" यजमानांनी दोन्ही हातांनी वर्तुळ दाखवलं.

"वो हम देखता है. ब्राउन किधर है?"

"तालाब में, साहब," मागून चौकीदारानं माहिती दिली.

साहेबानं टोपी डोक्यावर घातली. चेंडू शोधायलाही तो थांबला नाही.

परतताना इतवारी आली तेव्हा यजमान माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुले माहीत होतं."

"सांगितलं होतं मी."

"एकदाच सांगितलं."

"पुस्तक किती वेळा वाचलं तुम्ही?"

स्टँपपेपर त्यांच्या खिशातच राहिला आणि कोटाबरोबर धोब्याकडे गेला.

हरळीला पुढे पाण्याची गरज पडली नाही. दोन पावसाळ्यांत तिनं सगळं मैदान धरलं. टांग्यांच्या घोड्यांसाठी घसियारे रोज सकाळी येऊन कापून नेतात, आणि यजमान लोकांना सांगतात की गवताचा धंदा मुळापासूनच आपल्या मनात होता.

साहेब येऊन गेला त्याच साली धान कापायच्या आधी ते पहिल्यांदा माझ्याबरोबर कुहीला आले. सालदारानं रामराम केला, हातात कुदळ दिली आणि अगदी अदबीनं विचारलं, "मालक, धुऱ्यावरची हरळी काढाची का लावाची?"

यजमानांनी फेटा काढून माझ्याकडे दिला आणि ते खणायला लागले. एका धुऱ्यावरची त्यांनी काढली. बाकीची मी काढली, कारण मुळी कुठपर्यंत जाते हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.